माजाचं तू, मानाचं तुम्ही

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' असतं. कुत्र्याला यू, कलेक्टरला यू, आणि ज्याच्यावर जीव जडलाय त्यालाही यू. आमच्या आत्याचं घोडं नेमकं इथंच अडलं होतं.

आत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण, रुपाली. ती इंग्रजी पुस्तकं मराठीत आणते. आत्तापर्यंत तिच्या वाट्याला गच्चीवरची बाग, मधुमेह आणि मुलांना शिस्त कशी लावावी असलीच पुस्तकं आली. (तिला मूल नाही. प्रकाशकांना त्याचं काही नाही.) पण या खेपेला बुधवार पेठेतल्या एका प्रकाशकांनी तिला चक्क कादंबरी दिली, आणि तीही कोणती? आमच्या नववी ब मधल्या निम्म्या मुली बाकाखाली धरून वाचत होत्या ती! मी तर दोनदा वाचली होती. त्यामुळे आत्याची अधिकृत सल्लागार मीच. हे पद मला कुणी दिलं नाही, मी घेतलं.

माझं नाव अपेक्षा. सातवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडायचे नाही, तेव्हा मुलं मला 'अपेक्षाभंग' म्हणायची. यंदा स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन मी केलं. माईक मध्येच बंद पडला, तरी मी बोलत राहिले आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तेव्हापासून मला गप्प करायला बाईंना टेबल वाजवावं लागतं. सांगायचा मुद्दा, मला सल्ला द्यायला आवडतो, आणि आत्याला तेव्हा सल्ल्याची गरज होती. नुसती पुस्तकाबाबत नाही.

ती भाऊबीजेला म्हणून आमच्याकडे वारज्याला आली आणि परत कोथरूडला गेलीच नाही. वरच्या मजल्यावरची खोली पप्पा भाड्यानं देणार होते, तिथं ती राहायला लागली. खिडकीतून हायवे दिसतो. ट्रकांची घरघर सुरूच असते. मी म्हटलं, "आत्या, तुला त्रास होत नाही या आवाजाचा?" तर म्हणाली, "नाही गं. शांतता तिकडे पुष्कळ ऐकली."

शेजारी विचारलं की आई सांगायची, "रुपाताई राहायला आल्यात, पुस्तकाचं काम चाललंय." संक्रांत गेली, शिवरात्र गेली, 'राहायला' हा शब्द ताणून ताणून पार विरला. पप्पा जेवताना ताटात बघत एवढंच विचारायचे, "दाजींचा फोन हाय का काही?"

"नाही, दादा."

मग पप्पा आणखी भात घ्यायचे. भूक नसली तरी.

दाजी म्हणजे आत्याचे यजमान, विश्वजीत. आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून ते माझे मामा. ते तिला मारायचे वगैरे नाहीत. मला मोठी माणसं असं काही सांगत नाहीत, पण मला डोळे आहेत. ते तिला चारचौघांत म्हणायचे, "तू गप्प बस, तुला काय कळतं?" एका वास्तुशांतीच्या जेवणाला पंगतीत म्हणाले, "हिचं नाव पुस्तकावर छापतात, पण सहा पॉइंटच्या टाइपात. भिंग लागतं." सगळे हसले. आत्याही हसली, आणि मग तिनं पुरी तोडून तोडून तिचा भुगा केला, खाल्ली नाही. मी समोरच बसले होते. घरी मात्र ते तिच्याशी बोलायचेच नाहीत. आठवडेच्या आठवडे.

तरीही ती वाट बघत होती. मी एकदा सरळ विचारलं तेव्हा म्हणाली, "न्यायला आले तर जाईन. नुसतं 'चल' म्हणाले तरी जाईन. पण मी आपणहून नाही जाणार."

एवढं एकच होतं. 'चल' हा एक शब्द.

आता कादंबरी. सध्या एक प्रकार फार चालतो. जुनं, जाडजूड, कुणी न वाचलेलं अभिजात पुस्तक घ्यायचं, त्यातली माणसं उचलून आजच्या शहरात आणून सोडायची, हातात मोबाईल द्यायचा आणि बघत बसायचं. रडणं कमी करायचं, विनोद वाढवायचे. चैताली, म्हणजे माझी बाकावरची मैत्रीण, म्हणते की ही आजीच्या पैठणीची शिवलेली जॅकेटं आहेत. ती नाक मुरडून म्हणते. मी म्हणते, मग काय वाईट आहे? पैठणी कपाटात किती जण बघतात?

आमच्या कादंबरीची मूळ गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची. एका गावात घड्याळं दुरुस्त करणारी बाई, आणि तिला हलकी समजून ठरलेलं लग्न मोडणारा एक गर्विष्ठ न्यायाधीश. कित्येक वर्षांनी त्याला पश्चात्ताप होतो, बर्फातून चालत तिच्या दाराशी येतो, आत दिवा दिसतो, आणि दार न वाजवता तो परत जातो. बस्स. संपलं! नव्या कादंबरीत ती आहे तारिणी, बेंगळुरूत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारी, आणि तो इशान, महागडा वकील. शेवटी तोही दाराशी येतो. आधी वॉचमन त्याला ओटीपी मागतो, मग लिफ्ट बंद असते, मग एक कुत्रं त्याचा बूट पळवतं. पण तो एका बुटावर वर जातो आणि बेल वाजवतो. वर्गात हे पान वाचताना मी एवढी हसले की बाईंनी मला बाहेर काढलं, आणि बाहेर गेल्यावर मला रडू आलं. काय सांगू, असं पुस्तक असतं ते.

आणि ह्या सगळ्यात तो तिला 'यू' म्हणतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

प्रकाशकांकडच्या संपादक हेमाताई. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण फोनवर त्यांचा आवाज ऐकला तरी पाठ ताठ होते. त्या म्हणाल्या, "रुपालीताई, अर्धी कादंबरी झाली, अजून आपला नायक तिला 'तुम्ही' म्हणतोय. लग्न काय ज्येष्ठ नागरिक संघात लावायचंय?"

"पण सुरुवातीपासून 'तू' केलं तर—"

"तर प्रेमात पडल्यावर काय म्हणणार? तूतू? बघा बाई काय ते. आम्ही फक्त छापतो."

फोन ठेवून आत्या कपाळ चोळत बसली. आणि मला सुचलं! मी पलंगावर उभीच राहिले.

"आत्या, तीन टप्पे कर. आधी तो तिला तू म्हणतो, माज म्हणून. तिची किंमतच नाही ना त्याला. मग कोर्टात ती त्याला गप्प करते, त्या प्रकरणापासून तो तिला तुम्ही म्हणायला लागतो. अक्कल आली! आणि शेवटी बेल वाजवल्यावर परत तू. पण आता ते वेगळं तू. माजाचं तू, मानाचं तुम्ही, मायेचं तू."

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी अजून एक इंच उंच झाले. "हे तुला कुठं सुचलं गं?"

"डोक्यात," मी म्हटलं.

तिनं ते हेमाताईंना कळवलं. हेमाताईंचं उत्तर आलं, "चालेल." आत्या म्हणाली की हेमाताईंच्या 'चालेल'ला शालश्रीफळ समजायचं.

त्या दिवशी ती जरा मोकळी होती, म्हणून मी विचारलं, "तू मामांना कधी तू म्हटलंस?"

"छे."

"एकदाही?"

"एकदा मी तापात म्हणाले होते म्हणे. 'तू जाऊ नकोस' असं काहीतरी. मला आठवत नाही. त्यांना आठवतं." ती लॅपटॉपची धूळ पुसायला लागली. "बरी झाल्यावर ऐकवायचे. लोकांना हसवायला."

मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली धूळ पुसली.

फोन आला तो एका गुरुवारी संध्याकाळी. आत्या खाली स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, आई भाजत होती, मी उगाचच कोथिंबीर निवडत होते. स्क्रीनवर मामांचं नाव आलं. आत्याचे हात पिठानं भरलेले. ती म्हणाली, "अपेक्षा, स्पीकरवर टाक."

"हॅलो. रुपाली, तुम्ही रविवारी घरी आहात का?"

आईनं तव्यावरची भाकरी तशीच राहू दिली.

"आहे," आत्या म्हणाली.

"मी अकराच्या सुमारास आलो तर तुम्हाला चालेल?"

"चालेल."

"ठीक आहे. धन्यवाद." आणि फोन बंद.

मी ओरडलेच. "तुम्ही! आत्या, ऐकलंस? तुम्ही म्हणाले! तुम्हाला चालेल का, विचारलं! दुसरा टप्पा! मानाचं तुम्ही!"

आत्या भाकरीकडे बघत होती. कडेला चीर पडली होती, ती बोटानं सांधत होती. "ऐकलं," म्हणाली.

"अगं मग हस ना!"

"धन्यवाद म्हणाले," ती म्हणाली. "मला आजवर कधी धन्यवाद म्हणाले नव्हते."

"तेच तर म्हणतेय मी!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा वाटलं, ती माझ्या तोंडावर काहीतरी शोधतेय. काय शोधत होती ते मला नंतर कळलं. मी किती खात्रीनं बोलतेय, ते ती बघत होती. आणि मी तर पूर्ण खात्रीनंच बोलत होते! मग हळूच तिचा चेहरा सैल पडला, नवीन गोळा घेऊन ती थापायला लागली, आणि थापता थापता म्हणाली, "वहिनी, रविवारी मटण करायचं का? त्यांना तुमच्या हातचं आवडतं."

पप्पांना कळलं तेव्हा त्यांनी भात मागितला नाही. भाकरी मागितली, वर कांदा मागितला.

शुक्रवारी आणि शनिवारी आत्यानं कादंबरीची राहिलेली पानं भराभरा केली. फक्त शेवटचं, बेल वाजवतो ते प्रकरण ठेवलं. म्हणाली, "ते परत जाऊन करीन. तिकडच्या टेबलावर." जांभळी साडी काढली, आत ठेवली, परत काढली. मला विचारलं, "फार नटल्यासारखं दिसेल का गं?" मी म्हटलं, "दिसू दे!"

रविवारी बेल वाजली तेव्हा मी दाराकडे धावले. खरंच सांगते, त्यांच्या पायांकडे बघितलं, दोन्ही बूट आहेत का. होते. पॉलिश केलेले.

"कशी आहेस, अपेक्षा? मोठी झालीस."

"या दाजी, या!" पप्पा आतून आले. ते सकाळपासून दाढी करून बसले होते. "मटण टाकलंय. जेवल्याशिवाय सोडणार न्हाय."

"नाही जयसिंगराव, जरा घाईत आहे." ते सोफ्याच्या कडेला बसले, बँकेत बसतात तसे. पूर्वी आले की आधी पंखा वाढवायला सांगायचे आणि पाय वर घ्यायचे.

आत्या चहा घेऊन बाहेर आली, आणि मामा उभे राहिले. उभे! कादंबरीत कोर्टाच्या प्रकरणानंतर इशानही तारिणी आत आली की उभा राहतो. मी स्वयंपाकघराच्या दारातून आईचा हात एवढा दाबला की ती म्हणाली, "बांगडी फुटंल गं."

"बसा तुम्ही," मामा आत्याला म्हणाले. ती बसली. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. मग खाली ठेवला.

"मी स्पष्टच सांगतो. मी वकिलांशी बोललोय. परस्पर संमतीनं केलं तर तुम्हाला फार फेऱ्या माराव्या लागणार नाहीत. तुम्हाला त्रास व्हावा अशी माझी इच्छा नाही. तुम्ही विचार करून सांगा."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"अहो दाजी, काय बोलताय हे?" पप्पांचा आवाज एकदम चढला. "लेकरू हाय का ती, सोडायला आन् न्यायला? न्यायला आलाय असं वाटलं आम्हाला! सकाळपासनं—"

"दादा, थांब," आत्या म्हणाली. तिनं मामांकडे पाहिलं. "एक विचारू? हे 'तुम्ही' कधीपासून?"

मामा गोंधळले. "म्हणजे?"

"मला तुम्ही म्हणताय. गुरुवारपासून."

"ते..." त्यांनी कपाची बशी सरळ केली. "वकील म्हणाले, बोलताना नीट बोला. हल्ली कुणी काय रेकॉर्ड करतं, पुढे कोर्टात लावतात. आदरानं बोला म्हणाले. सवय ठेवा."

मी दारात उभी होते. मला वाटलं, बाहेर जाऊन आत्याशेजारी बसावं. पण आईनं माझा हात धरून ठेवला.

आत्यानं मान हलवली, जणू एखाद्या शब्दाचा अर्थ आत्ता लागला. तिनं साडीचा काठ बोटानं सरळ केला. मग म्हणाली, "एकदा तू म्हणा."

"काय?"

"जाता जाता एकदा. माजाचं असलं तरी चालेल."

मामांना ते कळलंच नाही. कळणार कसं? त्या घरात ते कळणारी मी एकटी होते. त्यांनी पप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिशाला हात लावून मोबाईल आहे की नाही ते चाचपलं. मला तेव्हा त्यांचा राग यायला हवा होता. पण ते खरंच घाबरलेले दिसले, आणि त्यानं सगळं अजूनच वाईट झालं.

"आता ते बरं दिसणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही समजून घ्या."

"बरं," आत्या म्हणाली. "वकिलांना सांगा, मी सही करीन."

ते उठले. आमच्याकडे जाताना माणूस 'येतो' म्हणतो. ते 'निघतो' म्हणाले. पॉलिश केलेले बूट घातले, लेस नीट बांधली, आणि पायऱ्या उतरून गेले. चहावर साय धरली होती.

आईनं गॅस बंद केला. पप्पा गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. आत्यानं कप उचलले, आत नेऊन विसळले, पालथे घातले, आणि वर गेली. मी मागोमाग.

ती लॅपटॉपसमोर बसली होती, पण तो बंद होता. हायवेवरून एकामागून एक ट्रक. मला रडू येत होतं आणि रागही, दोन्ही एकदम, म्हणून मी बोलायला लागले.

"पुस्तक परत करून टाक. हेमाताईंना सांग, नाही करत. सगळं खोटं आहे त्यात. बेल वाजवतो म्हणे! बेल तर यांनीही वाजवली!"

"खोटं आहे हे पहिल्या पानापासून माहीत असतं गं."

"मग लोक वाचतात कशाला?"

तिनं लॅपटॉपवर हात ठेवला. मग म्हणाली, "मूळ पुस्तक मला एम.ए.ला होतं. शेवट वाचला, आणि मी मागे जाऊन ते दाराशी उभं राहण्याचं पान परत वाचलं. आणि मग पुन्हा. मला वाटायचं, परत वाचलं तर या वेळी वाजवेल." तिनं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "ही नवीन लिहिणारी बाई. तिलाही तसंच वाटलं असणार. मी वाचत बसले, तिनं लिहून टाकलं."

"आणि माझे टप्पे?"

"पुस्तकापुरते बरोबर आहेत. हेमाताई उगाच चालेल म्हणत नाहीत."

मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले. खाली मटणाचा वास होता, आणि कुणालाही जेवायचं नव्हतं.

थोड्या वेळानं पप्पा आले. आत आले नाहीत, उंबऱ्याशीच उभे राहिले, भिंतीचा रंग बघत. "या खोलीला एक भाडेकरू विचारत होता," ते म्हणाले. "त्याला न्हाय म्हणून सांगितलं."

पप्पांनी चौकटीवरून बोट फिरवलं.

"तिकडचं सामान आणावं लागंल. टेम्पो सांगतो. छोटा सांगू का मोठा?"

आत्यानं डोळे उघडले. मला दिसलं, ती त्या कोथरूडच्या घरात फिरून येत होती. हॉल, कपाट, स्वयंपाकघर, पलंग. काय काय तिचं होतं ते बघत.

"छोटा," ती म्हणाली. "छोट्यातही जागा उरेल, दादा."